मोबाइलवरच्या पेपरला पैसे भरावेत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ६३. सांगलीत शिक्षिका म्हणून नोकरी झाली. आता आम्ही दोघं पुण्याला मुलाकडे, वाघोलीच्या पुढे एका नव्या सोसायटीत राहायला आलो आहोत. सांगलीच्या घरी चाळीस वर्षं दोन पेपर यायचे. इथे पेपरवाला गेटपाशी गठ्ठा टाकून जातो, कधी येतो, कधी येत नाही, आणि आला तरी पुणे आवृत्ती. आमच्या ह्यांना बातम्या हव्या असतात त्या सांगलीच्या. मोबाइलवर वाचायला घेतलं की दोन परिच्छेदांनंतर ‘पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा’ असं येतं. मुलगा म्हणतो, पैसे कशाला भरायचे, टेलिग्रामवर रोज पीडीएफ येते. हे म्हणतात, सगळे पेपर विकले गेलेत, त्यांना वर आपले पैसे कशाला? भाची आमच्याकडे राहून एमपीएससीचा अभ्यास करते, तिला एक इंग्रजी पेपर हवा आहे. आमचे दोन आणि तिचा एक, सगळं मिळून वर्षाला पाच-सहा हजारांवर जातंय. पेन्शनवर चालणाऱ्या घरात बातम्यांवर एवढे पैसे घालवणं बरोबर आहे का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘पैसे घालवणं’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. चाळीस वर्षं दर महिन्याला पेपरचं बिल भरताना तुम्ही हा शब्द वापरला असेल असं मला वाटत नाही. ते बिल दुधाच्या, विजेच्या बिलाबरोबर डब्यात ठेवलेल्या पैशांतून जायचं. पेपरवाला एक तारखेनंतर वही घेऊन दारात उभा राहायचा, तुम्ही कॅलेंडरवर मारलेले खाडे मोजायचे, चार खाड्यांचे पैसे वजा करायचे, आणि विषय संपायचा. वर रद्दीचे पैसे यायचे ते वेगळे. हातात कागद असल्यामुळे आपण कशाचे पैसे देतोय असा प्रश्नच पडायचा नाही.

पण आपण देत होतो ती रक्कम त्या कागदालासुद्धा पुरत नव्हती. आपल्याकडच्या बहुतेक दैनिकांच्या अंकाची किंमत कागद, शाई, छपाई, रात्रीची वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन यांनाच अपुरी पडत आली आहे. बातमीदाराचा पगार, उपसंपादकाची रात्रपाळी, छायाचित्रकाराचा प्रवास हे सगळं जाहिरातदार देत होता. सोन्याच्या दुकानाची पानभर जाहिरात, बिल्डरची जाहिरात, सरकारी निविदा, जाहीर नोटिसा, ‘वधू पाहिजे’ आणि ‘दुकान भाड्याने देणे आहे’ यांच्यावर आपला पेपर चालला. इंटरनेटवर हा जाहिरातदार मोठ्या प्रमाणावर गुगल आणि फेसबुककडे गेला, छोट्या जाहिराती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर गेल्या. तरीही पहिली काही वर्षं सगळ्यांनी बातम्या फुकट ठेवल्या, आणि आपल्याला तीच सवय लागली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये महिन्याला वीस लेख फुकट आणि पुढचे पैसे भरून अशी रीत सुरू केली, पुढच्याच वर्षी वीसाचे दहा केले. आपल्याकडे हे उशिरा आलं, आधी इंग्रजी दैनिकांत आणि मग हळूहळू मराठीत. तुम्हाला मोबाइलवर मध्येच अडवलं जातं त्यामागे हे कारण आहे. त्यात तुमचा अपमान करण्याचा हेतू नाही, जरी वाक्य अर्ध्यात तुटल्यावर तसं वाटतं हे मी समजू शकते.

म्हणून ‘बातमी तर फुकटच असते’ हे गृहीतक आपण आधी बाजूला ठेवू. बातमीचे पैसे कोणीतरी भरतंच. प्रश्न एवढाच आहे की कोण भरतं, आणि जो भरतो त्याचं बातमीवर किती चालतं.

इथे तुमच्या यजमानांचं म्हणणं येतं, आणि ते मी उडवून लावणार नाही. ‘सगळे पेपर विकले गेलेत’ हे वाक्य महाराष्ट्रात उगीच रुळलेलं नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं होतं की एकाच नेत्याचं कौतुक करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत अगदी शब्दशः सारखा छापून आला होता. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची उपसमिती नेमली आणि २०१० मध्ये तिचा अहवाल आला. तेव्हा तुमच्या घरात दोन पेपर येत होते, म्हणजे तुमच्याही हातात तसला मजकूर बातमी म्हणून आलेला असू शकतो. यजमानांचा राग खरा आहे.

पण त्या रागातून ते जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. माझ्या ओळखीचा एक तालुका वार्ताहर आहे. त्याचं मानधन मोटारसायकलच्या पेट्रोलला जेमतेम पुरतं. दिवाळी, पंधरा ऑगस्ट, आमदारांचा वाढदिवस आला की त्याला पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या असतात, आणि त्याची खरी कमाई त्या जाहिरातींवरच्या कमिशनची. ज्या साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडून त्याने ऑगस्टमध्ये अर्ध्या पानाची जाहिरात आणली, त्याच कारखान्याने शेतकऱ्यांची उसाची बिलं थकवल्याची बातमी त्याला फेब्रुवारीत करायची असते. तो मला म्हणाला, “बातमी मी पाठवतो, ताई, पण पाठवताना हात थरथरतो.” हा माणूस विकला गेलेला नाही. त्याला विकत घेण्याची सोय आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवली आहे, कारण त्याच्या बातमीचे पैसे वाचक देत नाहीत आणि कारखाना देतो.

वाचकाने पैसे भरले की पेपर लगेच स्वच्छ होतो असं मी म्हणणार नाही. वर्गणी घेऊनही लाचार राहिलेले पेपर असतील. तरी वाचकांच्या पैशांवर चालायचं ठरवलेली माणसं आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘न्यूजलाँड्री’ हे बातम्यांचं संकेतस्थळ जाहिराती न घेता वर्गणीवर चालतं. लंडनचं ‘गार्डियन’ बातम्या सगळ्यांना मोकळ्या ठेवतं आणि ज्यांना जमेल त्यांच्याकडून हातभार मागतं.

आपल्या भाषेत यासाठी ‘वर्गणी’ हा फार चांगला शब्द आहे. आपण गणपतीची वर्गणी देतो तेव्हा प्रसादाच्या मोदकाचा भाव काढत नाही. दहा दिवस मांडव उभा राहावा, त्यात आपणही जावं आणि ज्याने वर्गणी दिली नाही त्यानेही यावं म्हणून देतो. आणि तरीही मंडळाने हिशेबाचा कागद लावला नाही तर विचारतो. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. जुनी मराठी नियतकालिकं आपल्या वाचकाला वर्गणीदार म्हणत. ग्राहक हा शब्द नंतर जास्त चालू लागला. तुम्ही मला ग्राहकाचा प्रश्न विचारलाय, की एवढ्या पैशात काय मिळेल. तो विचारायलाच हवा, पेन्शनच्या घरात तर नक्कीच. पण तुमच्या घरातल्या तीन वर्गण्यांपैकी एक तरी मला या दुसऱ्या अर्थाची वाटते. तिच्याकडे येते.

त्याआधी मुलाच्या पीडीएफबद्दल. ही सवय कधी लागली ते आठवून पाहा. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला काही दिवस मनाई केली, अनेक सोसायट्यांनी तर त्याआधीच पेपरवाल्याला गेटवर थांबवलं होतं. तेव्हा सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खा पेपर यायला लागला आणि आपल्याला हायसं वाटलं. त्याच वर्षी मे महिन्यात ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अशी ई-पेपर वाटणारी चॅनेलं काढायला सांगितलं. म्हणजे ही वाटावाटी बेकायदा आहे हे मुलाला कळलेलं बरं. मी त्याला चोर म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. घराघरांत ती फाइल फिरते. पण ती कोण बनवतं, त्यात एखादं पान बदललंय का, हे कळायला मार्ग नसतो, आणि बनावट मथळा चिकटवलेली कात्रणं निवडणुकीच्या दिवसांत किती फिरतात ते तुम्ही पाहिलं असेलच. शिवाय त्या फाइलमधून सांगलीच्या बातमीदाराला एक पैसा पोचत नाही. मुलाशी बोलाल तेव्हा कायद्यापेक्षा हे सांगा.

आता तुमच्या घराचा हिशेब. माझं मत स्पष्ट सांगते: तीन वर्गण्या भरू नका. एकच भरा, आणि ती सांगलीची असू द्या.

तुमच्या यजमानांना जे हवंय ते पुण्यात पैसे देऊनही छापील मिळत नाही. ई-पेपरमध्ये मात्र आवृत्ती निवडता येते. बहुतेक मोठ्या मराठी दैनिकांच्या ई-पेपरवर शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांची यादी असते. सांगलीवर बोट ठेवलं की तेच पान समोर येतं जे आज सकाळी विश्रामबागेत तुमच्या जुन्या शेजाऱ्याच्या अंगणात पडलं. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला, अलमट्टीत पाणी किती अडवलंय यावर वाद सुरू झाला, आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की पुण्यात बसलेला सांगलीकर अस्वस्थ होतो. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाण्याची पातळी सरकारी पत्रकातही कळते. पण कोणत्या गल्लीत पाणी शिरलं, कोणत्या शाळेत लोकांना हलवलं, पंचनामा कुठे झाला आणि कुठे राहिला, हे तिथे गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला कोणीतरी सांगतो. बाजार समितीतल्या हळदीचा आणि तासगावच्या बेदाण्याचा दर, महापालिकेच्या सभेत काय झालं, आणि निधन वार्तांमधलं एखादं ओळखीचं नाव यासाठी मुंबई-दिल्लीचं कुठलंच चॅनेल यायचं नाही. देशाच्या, जगाच्या, क्रिकेटच्या बातम्या दहा ठिकाणी फुकट मिळतील. सांगलीची बातमी सांगलीतच कोणीतरी गोळा करावी लागते आणि ती सगळ्यात आधी बंद पडते. माझ्या मते पैसे भरण्याची सगळ्यात चांगली जागा हीच.

लगेच भरू मात्र नका. पंधरा दिवस एक जुनी वही टेबलावर ठेवा. काही मराठी ई-पेपर नुसती नोंदणी करून वाचता येतात, काहींचा महिन्याचा किंवा चाचणीचा दर असतो. त्यातले दोन-तीन आलटून पालटून वाचा. रोज फक्त एवढंच लिहायचं: आज अशी कोणती बातमी वाचली जी दुसरीकडे कळली नसती, आणि ती कोणी लिहिली होती. ‘प्रतिनिधी’ लिहिलंय की बातमीदाराचं नाव आहे? की वृत्तसंस्थेची, की नेत्याच्या कार्यालयातून आलेलं पत्रक जसंच्या तसं? पंधरा दिवसांनी ज्या पेपरच्या नावापुढे सात-आठ नोंदी असतील, तो तुमचा. ज्याच्यापुढे दोनच असतील आणि बाकी वाढदिवसांच्या शुभेच्छा, त्याला पैसे देऊ नका. हे काम यजमानांनाच करू द्या. कोण विकलं गेलंय आणि कोण नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताने वहीत उतरवता येईल. मी हे माझ्या घरी केलं होतं. ज्या पेपरवर आमचा सगळ्यात जास्त जीव होता, त्याच्या नोंदी सगळ्यात कमी निघाल्या, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटलं. पण आम्ही बदलला.

भाचीचं वेगळं आहे. तिला इंग्रजी पेपर परीक्षेसाठी हवाय, म्हणजे तो तिच्यासाठी अभ्याससाहित्य आहे, आणि त्याचा हिशेब पुस्तकांच्या खर्चात धरा. ती पुण्यात अभ्यासिकेत जात असेल तर तिथे बहुधा दोन-तीन इंग्रजी-मराठी दैनिकं टेबलावर असतात. आधी महिनाभर तिथेच वाचून पाहू दे. सरकारी योजना, निर्णय, आकडेवारी यासाठी केंद्र सरकारच्या पीआयबीची (पत्र सूचना कार्यालयाची) मराठीतली पत्रकं आणि राज्य सरकारचं ‘लोकराज्य’ मासिक पुरतं. महिन्यानंतरही ती रोज अग्रलेख आणि स्तंभ वाचून टिपणं काढत असेल, तर परीक्षेपर्यंतच्या मुदतीची वर्गणी जरूर घ्या; विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर आहे का ते आधी विचारा. टिपणं निघत नसतील तर वर्गणीने ती निघायला लागणार नाहीत.

पैसे भरताना काय बघायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः फसले आहे. दोन वर्षांपूर्वी एका दैनिकाची ‘पहिले तीन महिने नव्व्याण्णव रुपये’ अशी योजना घेतली. चौथ्या महिन्यात खात्यातून अख्ख्या वर्षाचे पैसे गेले. बँकेचा संदेश आला होता, तो जाहिरात समजून मी न वाचता पुसला होता. फोन केले, ई-मेल लिहिले, पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा तुम्ही पहिल्या महिन्याचा दर बघू नका, नूतनीकरणाचा बघा. तो बारीक अक्षरात असतो, मुलाला मोठा करून वाचून दाखवायला सांगा. छापील अंकावर जीएसटी नाही, डिजिटल वर्गणीवर आहे, त्यामुळे पाटीवरचा दर आणि प्रत्यक्ष रक्कम यात फरक असू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आपोआप कापले जाणारे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, तो संदेश वाचायची सवय लावा. यूपीआयवरून भरलंत तर अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या नावाखाली ती परवानगी दिसते, आणि तिथूनच ती रद्द करता येते. पेपरवाल्यांच्या फोनची वाट बघत बसावं लागत नाही. शक्य असेल तिथे एकदाच वर्षाचे भरा आणि आपोआप नूतनीकरण बंद ठेवा. वर्षाच्या शेवटी वही पुन्हा काढा.

आणखी एक नीट विचारून घ्या: वर्गणीत ई-पेपर येतो का, की फक्त संकेतस्थळावरचे बंद लेख? ही दोन वेगळी दुकानं असल्यासारखी असतात. तुम्हाला हवाय तो ई-पेपर. त्यातली पानं मोजकी असतात, पान एकपासून सुरू होतात आणि शेवटच्या पानावर संपतात. संकेतस्थळ संपतच नाही, त्यामुळे पेपर वाचून झाल्याचं समाधान तिथे मिळत नाही. चाळीस वर्षं छापील वाचलेल्या डोळ्यांना हा फरक जाणवतो. किती उपकरणांवर चालेल, जुने अंक किती दिवसांपर्यंत उघडतील आणि पैसे भरूनही जाहिराती दिसणार का, हेही विचारा.

असंच पत्र लिहायचं मनात असलेल्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. ज्यांना आत्ता एक रुपयाही जड आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत वृत्तपत्रांचं टेबल अजून आहे, आणि तिथे बसून वाचणाऱ्याला सहसा कोणी सभासद आहात का विचारत नाही. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या आहेत. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ शेतकरी, ऊसतोड मजूर, विणकर यांच्यावरचे लेख मराठीतही देतं, विनामूल्य. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी मुलांना तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड तपासायला सांगावं. अनेक ग्रंथालयं त्या कार्डावर ‘प्रेसरीडर’सारख्या सेवेतून जगभरची वृत्तपत्रं फुकट वाचू देतात. आणि सगळीकडेच पैसे भरणारे थोडे असतात. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात ऑनलाइन बातम्यांना पैसे भरणाऱ्यांची वीस श्रीमंत देशांची सरासरी १७ टक्के होती, नॉर्वेत ४० टक्के. म्हणजे तिथेही पैसे न भरणारेच जास्त. ज्यांना जमतं त्यांनी भरलं की बाकीच्यांपर्यंतही बातमी पोचते. ताई, चाळीस वर्षं दोन पेपरांचं बिल देणारं तुमचं घर जमणाऱ्यांतलं आहे असं मला वाटतं, म्हणून तुम्हाला मी एका वर्गणीचा तरी आग्रह करते.

सोसायटीच्या गेटवरच्या पेपरवाल्यालाही अगदी सोडू नका. तुमच्या मजल्यावरची दोन-तीन घरं मिळून एक मराठी अंक रोजचा लावा आणि सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये ठेवायला सांगा. पहाटे उठून सायकलवर येणाऱ्या मुलाला एका अंकासाठी वाघोलीच्या पुढे येणं परवडत नाही, बाकीच्या मजल्यांनीही असंच करून पाच-सहा अंक झाले की तो खाडे करणार नाही.

ई-पेपर मोबाइलवर वाचायला यजमानांना देऊ नका, अक्षरं ताणताना ओळ निसटते आणि माणूस चिडून बाजूला ठेवतो. मुलाचा जुना टॅब असेल तर तो मागून घ्या, जेवणाच्या टेबलावर उभा राहील असा स्टँड आणा, आणि पहिल्या दिवशी सकाळचा चहा ठेवताना सांगली आवृत्ती तुम्हीच उघडून ठेवा, सरळ निधन वार्ता आणि नदीची पातळी ज्या पानावर असते त्या पानावर.